एक प्लेट, चार चमचे

दुपारी एकच्या सुमारास पावभाजीची गाडी लागलेली सापडणं, हे नशीबच. पावभाजीचा तवा खरा तापतो तो दिवेलागणीला. दुपार ही वडापाव, डोसा आणि पोळी-भाजी केंद्रांची वेळ. पण त्या दिवशी भाईंदर पश्चिमेला एका गल्लीच्या तोंडाशी तवा तापलेला होता आणि आम्ही चौघे कॉलेजमित्र, सगळेच पन्नाशीच्या पुढचे, बॅगा खांद्याला लावून त्याच्याभोवती उभे होतो. एक पालघरचा, एक ठाण्याचा, एक सुरतेहून मुंबईला निघालेला आणि मी दादरकडचा. भेटायला भाईंदर निवडलं, कारण ते आमच्यापैकी कुणाचंच गाव नव्हतं आणि सगळ्यांच्या वाटेवर होतं. घोडबंदर रस्ता, महामार्ग आणि पश्चिम रेल्वे या तिन्ही वाटा याच टापूत जवळ येतात.

“एक प्लेट द्या आधी, चमचे चार,” ठाणेकर म्हणाला. गाडीवाल्याला यात काही नवल वाटलं नाही. त्यानं बटरचा तुकडा तव्यावर फेकला आणि विचारलं, “पाव किती?”

गाडीवरच्या खाण्याबद्दल आपण बोलतो ते चवीचं, फार तर पोट बिघडण्याचं. मला त्या दिवशी कुतूहल वाटलं ते त्या प्लेटमध्ये काय कुठून आलं आहे याचं. मीरा-भाईंदर म्हणजे मुंबईत घर परवडलं नाही म्हणून पुढे सरकलेल्यांचं गाव, इथलं स्वतःचं असं काही नाही, असा एक समज आहे. प्लेट पाहिली तर उलटंच दिसतं.

पावापासून सुरुवात करू. शब्द पोर्तुगीज, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ‘पांव’ म्हणजे त्यांच्या भाषेत भाकरी-रोटी. पण पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो, भाईंदर नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख तहानं पोर्तुगीजांना दिला, त्यात साष्टी बेट होतं, आणि आजचं मीरा-भाईंदर म्हणजे त्या साष्टीचंच वायव्येकडचं टोक. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तोवर दोनशे वर्षं हा पोर्तुगीज मुलूख होता. त्या मोहिमेत ज्या धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे झुंजले, तो उत्तनजवळचा. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. शाळेत मला तो असल्यासारखाच शिकवला गेला होता. उत्तन, पाली, डोंगरी या गावांतली चर्चं आणि तिथली मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं ही त्या काळाची राहिलेली खूण. मुंबई-वसई पट्ट्यातल्या अशा ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. पाववाला सायकलवरून गल्लीत यायला लागण्याच्या कितीतरी आधी या घरांमधून आंबवलेलं पीठ ओळखीचं होतं. त्यांचे ‘फुगे’ आजही लग्नाला तळतात आणि जुन्या पद्धतीत ते पीठ फुगवायला ताडी वापरायचे. ताडीत यीस्ट आपोआप असतं. पाकिटातलं यीस्ट नव्हतं तेव्हा गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, हेही पावासाठी तेच करत.

आता पावाची लादी हातात घेऊन बघा. पिठाचे गोळे ट्रेमध्ये एकमेकांना चिकटतील असे मांडतात. भट्टीत गेल्यावर ते फुगतात, शेजाऱ्याला टेकतात आणि मग बाजूनं वाढायला जागा नसल्यामुळे वर चढतात. कोरडी उष्णता फक्त वरच्या अंगाला मिळते, म्हणून तिथे तपकिरी साल धरते. जिथे पावाला पाव चिकटलेला असतो तिथे साल धरतच नाही, तो भाग पांढरा, मऊ, दोरे सुटल्यासारखा राहतो. कडेच्या पावाला मात्र एक बाजू कडक मिळते. तोच मला आवडतो, आणि चौघांत आम्ही दोघे त्याचे गिऱ्हाईक आहोत, हा आमचा जुना तंटा. भाजी टिपून घेण्याची पावाची सगळी ताकद त्या साल नसलेल्या बाजूंत असते. लादी ही मुळातच तोडून वाटायची वस्तू आहे. एकट्या माणसासाठी लादी कुणी घडवली नसती. या लाद्या अनेक ठिकाणी लाकडाच्या भट्टीतून येतात. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळावं, असं उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं; धुराचा विचार केला तर ते योग्यच. वास तेवढा जाईल.

भाजीकडे वळलं की समुद्र पुन्हा आडवा येतो. बटाटा, टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, चारही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. उत्तरेत ‘आलू’ म्हणतात आणि आपण ‘बटाटा’ म्हणतो, कारण आपण शब्दही पोर्तुगिजांकडूनच घेतला. फ्लॉवर तर त्याहून अलीकडचा. इंग्रजांनी तो १८२२ मध्ये सहारनपूरच्या बागेत लावला. म्हणजे तव्यावर जे रटरटत होतं त्यातले कांदा, लसूण, आलं आणि मटार एवढेच जुने रहिवासी. उपवासाच्या गाडीवर तरी काय वेगळं? साबुदाणा होतो तो कसाव्हाच्या कंदापासून, आणि तो कंदही दक्षिण अमेरिकेतला. एकादशीला आपण जे श्रद्धेनं खातो त्यातला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची शिवाजी महाराजांच्या आजोबांच्या ताटात बहुधा नसणार. हे सांगितल्यावर पालघरकर, जो दर एकादशी धरतो, म्हणाला, “गप बस आणि खा.”

बटाट्यानं गाडीचा धंदा शक्य केला, हे मात्र मान्य करायला हवं. उकडलेला बटाटा एकदा पातेल्यात तयार असला की त्यातून वडा होतो, समोसा होतो, पावभाजी, सँडविच, शेवपुरी, रगडा-पॅटिस, दाबेली, काहीही होतं. चार फूट बाय सहा फुटांच्या गाडीवर वेगवेगळ्या दहा भाज्या ठेवता येत नाहीत. एक बटाटा दहा पदार्थांत फिरवता येतो आणि रात्री उरत नाही. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये वडा आणि पाव एकत्र आणण्याचं श्रेय अशोक वैद्यांना दिलं जातं. कल्पना साधी होती, पण तिच्यामुळे वडा हातात धरून चालता येऊ लागला, आणि लोकलच्या गावात ही मोठीच सोय.

प्लेट स्टीलची होती आणि ती उलटी करून पाहायचा मोह मला झाला. कारण भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचे गाळेच्या गाळे आहेत; पत्रा दाबून वाट्या, ताटं, डबे करायचे आणि पॉलिश मारायचं, हे काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. देशभरच्या गाड्यांवर आणि खानावळींत वाजणाऱ्या प्लेटांपैकी कितीतरी इथल्या. लोखंडात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असेल तर पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि गंज धरत नाही. थर खरवडला तरी हवेतल्या ऑक्सिजननं तो पुन्हा जमतो. दिवसातून शंभर वेळा राखेनं, चोथ्यानं घासली जाणारी प्लेट टिकते ती यामुळे.

मिठाचंही तसंच. रेल्वेतून भाईंदरच्या आसपास जे खाजण दिसतं, तिथे मिठागरं होती, काही अजून आहेत. आगर म्हणजे मीठ पिकवायची जागा, आणि आगरी हे समाजाचं नावच तिच्यावरून. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांतून फिरवत आटवायचं. पाणी पुरेसं घट्ट झालं की मीठ दाणे धरतं, पण सगळं आटू द्यायचं नाही, कारण शेवटी राहतं ते मॅग्नेशियमचे क्षार असलेलं कडू पाणी. ते काढून टाकावं लागतं. पावसाळ्याआधी सगळं आवरायचं. त्या दिवशीच्या भाजीत पाकिटातलं मीठ होतं, भाईंदरचं नव्हे. तरी पाव, प्लेट आणि मीठ या तिन्हींना या गावाचा पत्ता आहे, एवढं खरं.

बाकीचं लोकांनी आणलं. आणि लोक किती आले? १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती १,७५,६०५ होती. २०११ मध्ये ८,०९,३७८. वीस वर्षांत साडेचारपटीहून जास्त. १९८५ मध्ये नगरपालिका, २००२ मध्ये महानगरपालिका. राई, मुर्धा, मोर्वा, नवघर, काशी, मीरा या आगरी-कोळी गावांच्या मध्ये इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वस्तीबरोबर एक गाडी आली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. भाईंदर पश्चिमेला गुजराती-राजस्थानी जैन कुटुंबं भरपूर, म्हणून तिथे प्रत्येक गाडीवर ‘जैन’ हा शब्द रंगवलेला असतो. त्याचा अर्थ कांदा-लसूण नाही एवढाच नाही. जमिनीखालचे कंद वर्ज्य, कारण एका कंदात असंख्य जीव मानले जातात आणि उपटताना मातीतले जीव मरतात. मग बटाट्याच्या जागी कच्चं केळं येतं. उकडून कुस्करलं की त्याचा पिठूळपणा बटाट्यासारखाच लागतो, रस्सा धरून ठेवणारा स्टार्च तोच. दुसरी प्लेट आम्ही मुद्दाम जैन घेतली. सुरतकर म्हणाला की ही जास्त हलकी आहे. मला तरी ती किंचित तुरट वाटली, पण बटरपुढे तुरटपणाचं काही चालत नाही.

दाबेली कच्छच्या मांडवीची, तीही पावातच. मीरा रोडला नया नगरकडे रमजानच्या रात्री जे कबाब आणि रोल मिळतात त्यांसाठी लोक लांबून येतात. चायनीजच्या गाड्यांवरचं मंचुरियन चीनमध्ये कुणाला ओळखू येणार नाही. ते १९७५ च्या सुमारास मुंबईतच नेल्सन वाँग यांनी केलं. चायनीज भेळ तर त्याच्याही पुढची पायरी. एवढे लोक एका जागी आले की कधी कधी ठिणगीही खाण्याच्या दुकानातच पडते. २०१५ मध्ये पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीवरून, २०२५ च्या जुलैत मराठी बोलण्यावरून इथे रस्त्यावर मोर्चे निघाले, त्यातलं दुसरं प्रकरण एका मिठाईच्या दुकानातल्या वादातून सुरू झालं होतं. आमच्या गाडीवाल्यानं आमच्याशी मराठीत, सुरतकराशी गुजरातीत आणि आपल्या पोऱ्याशी हिंदीत बोलून घेतलं, एका प्लेटच्या वेळात.

चार चमचे एका प्लेटमध्ये. आम्ही तसं कधी विचार न करता करत आलो. पण या चार चमच्यांमागे महाराष्ट्रात बराच झगडा झाला आहे. उष्टं ही आपल्याकडे केवळ स्वच्छतेची गोष्ट नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत, जिथल्या कामगारांच्या घाईच्या जेवणातून पावभाजी आली असं सांगतात, विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. विणकाम खात्यात पगार जास्त होता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलली की नवा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला लावायला सवर्ण कामगार तयार नव्हते. एकाच चाळीत राहणारी, एकाच भोंग्यावर उठणारी माणसं, पण थुंकीनं वेगळी. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे मांडला होता. त्याच्या एक वर्ष आधी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह झाला होता. पाणी, धागा, घास, तिन्ही तोंडाशी जाणाऱ्या वस्तू.

मग सहभोजनं झाली. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्ये चेराई इथे वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एका पंगतीला बसवलं आणि त्याबद्दल बहिष्कार सोसला. आपल्याकडे ‘समतानंद’ अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकर हीच चळवळ केली: सत्यनारायणाच्या पूजेला दलित दांपत्य बसवायचं आणि प्रसादाला शिरा नव्हे, झुणका-भाकर. निवड फार हुशारीची होती. शिरा एका वर्गाच्या घरचा, झुणका सगळ्यांच्या. पुढे १९९५ मध्ये सरकारी झुणका-भाकर केंद्रं निघाली, रुपयात एक, पण ती पोटासाठी होती. गद्र्यांची झुणका-भाकर पंगत मोडण्यासाठी होती.

गाडीनं हे काम भाषण न करता केलं. तिथे पंगतच नाही, त्यामुळे वर-खाली बसणं नाही. कुणी वाढत नाही, कुणी सोवळ्यात नाही, मालकाला आडनाव विचारायला वेळ नाही. कटिंग, वन बाय टू, हाफ प्लेट, एक्स्ट्रा पाव, पाणीपुरीनंतर हक्कानं मागायची सुकी पुरी, वड्यावर टाकलेला फुकटचा चुरा: हे सगळं मोजमाप वाटून खाणाऱ्यांसाठीच बनलेलं. आमच्या चौघांच्या चार जाती आहेत. होस्टेलच्या पहिल्या वर्षी त्यातल्या एकाच्या आईनं दुसऱ्याला घरी जेवायला वाढलं ते वेगळ्या ताटात. ताटाचा रंग वेगळा होता, एवढंच. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर आम्ही घरी जेवणं कमी केलं आणि गाडीवर खाणं वाढवलं.

गाडीला उभं राहायची जागा मिळणं मात्र सोपं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर त्याच वर्षी उच्च न्यायालयानं रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा निर्णय दिला. म्हणून आमची गाडी स्टेशनच्या दारात नव्हती, गल्लीच्या तोंडाशी होती. दुसऱ्या बाजूला २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण केल्याशिवाय कुणाला उठवू नका, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच असू द्या, त्यात एक तृतीयांश बायका. २०११ च्या आकड्यावर अडीच टक्के म्हणजे मीरा-भाईंदरला वीस हजारांहून थोडे जास्त विक्रेते. कायदा वाचला तर फेरीवाला हा शहराच्या आराखड्याचा भाग आहे. रस्त्यावर पाहिलं तर तो एक डोळा तव्यावर आणि एक डोळा पालिकेच्या गाडीच्या वाटेवर ठेवून असतो.

प्रवासात गाडीवरचं खावं की नाही, याचं उत्तर तव्यावर आणि कढईतच असतं. वडा १७०-१८० अंशांच्या तेलात पडला की बेसनातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर झेपावते, बुडबुडे दिसतात ते त्याचेच, आणि ती वाफ बाहेर येत असेपर्यंत तेल आत शिरत नाही. तेल कोमट असेल किंवा एकदम पंधरा वडे सोडले तर वाफ मंदावते आणि वडा तेल पितो. बुडबुडे जोरात असलेला, डोळ्यांसमोर निघालेला वडा निर्धोक. धोका असतो तो थंड वस्तूंत: पाण्यात, सकाळी वाटलेल्या हिरव्या चटणीत, चिरून ठेवलेल्या कांदा-कोथिंबिरीत आणि दुपारपासून तसाच पडलेल्या भातात. शिजवलेल्या भातात टिकून राहणारे एका जिवाणूचे बीजाणू कोमट भातात पुन्हा वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष परत परतूनही जात नाही. शेजवान राइसला म्हणूनच मी संध्याकाळी सातला हो म्हणतो, रात्री अकराला नाही. तेल काळं, फेसाळ आणि लवकर धुरावणारं दिसलं की निघावं. वापरलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांहून जास्त नसावीत, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, नाक असतं. आणि वडा छापील वर्तमानपत्रात घेऊ नये. शाई तेलात विरघळते. माझ्यासारख्या वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यानं हे सांगावं लागतं, ही गंमत.

तिसरी प्लेट सांगितली नाही. त्याऐवजी बसनं उत्तनला गेलो, राई-मुर्ध्यावरून. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. ओला बोंबील म्हणजे ८५-९० टक्के पाणीच, त्यामुळे तो टिकत नाही. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीनं दोरीवर घालतात आणि वारा व ऊन दोन्ही बाजूंनी फिरून तीन-चार दिवसांत तो काडीसारखा होतो. डोल जाळ्यानं येणारा हा मासा, पकडला की लगेच वाटायचा किंवा वाळवायचा, तिसरी गोष्ट नाही. एका मावशींनी भाव सांगितला. सुरतकरानं सवयीनं निम्मा केला, मावशी हसल्या आणि वीस रुपये कमी करून वर मूठभर जवळा टाकला.

परतताना भाईंदरला फाटाफूट झाली. पालघरकर बोंबलाची पिशवी घेऊन विरारच्या लोकलमध्ये चढला. गर्दीची वेळ होती, आत पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी सुटून खाडीच्या पुलाकडे लागली तेव्हा त्याचा फोन आला: खिडकीजवळ बसायला मिळालंय, आजूबाजूला कुणी नाही.